काळ्या पट्टीची दिशा

‘हाताने कीबोर्ड जोडताना एखादा डायोड उलटा लागला तर तो जळतो का?’ केत्तूरच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे. जळत नाही. १एन४१४८ हा काचेचा इवलासा डायोड उलट दिशेने ७५ व्होल्ट सोसतो. कीबोर्डात असतात फार तर पाच. जिथे तो उलटा बसला ती कळ मुकी होते, एवढंच दिसतं. खोडी पुढे आहे.

साठ कळांना साठ तारा ओढायच्या तर छोट्या मायक्रोकंट्रोलरला तेवढे पाय नसतात. म्हणून पाच ओळी आणि बारा स्तंभांची जाळी करतात. सतरा तारांत काम भागतं. चिप सेकंदाला हजारेक वेळा ओळीमागून ओळ तपासते आणि कुठला स्तंभ जोडला गेलाय ते पाहते.

आता इन्स्क्रिप्ट या मराठी कळमांडणीत र, क आणि ह या कळा क्षणभर एकत्र दाबल्या गेल्या असं समजा. वेगाने टाइप करताना हे होतंच; आधीचं बोट उठण्यापूर्वी पुढचं पडतं. र आणि क एका ओळीत, ह हा र-च्या वर, ग हा क-च्या वर. डायोड नसेल तर क-च्या स्तंभातला प्रवाह क-मधून खालच्या ओळीत उतरतो, र-मधून उलटा चढून शेजारच्या स्तंभात जातो आणि ह-मधून वरच्या ओळीत पोचतो. चिपला वाटतं, ग दाबला. कुणी न दाबलेला ग!

उजनी धरणाच्या फुगवट्यावरून ऊस-केळीला पाणी उचलणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. दोन मोटरी एकाच पाइपलाइनवर असल्या, त्यातली एक बंद असली आणि तिला एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) नसला, तर चालू मोटरीचं पाणी रानात चढायचं सोडून बंद मोटरीतून परत धरणात पडतं, जाताना तिचा पंखाही उलटा फिरवतं. म्हणून प्रत्येक मोटरीला स्वतःचा एनआरव्ही हवा. तसाच प्रत्येक कळेला स्वतःचा डायोड.

वरच्या उदाहरणात ग-चं भूत अडवतो तो र-चा डायोड. नेमका तोच उलटा लागला, तर र उमटत नाहीच, वर भुताला वाट मोकळी होते. ‘एकच तर कळ बंद आहे, नंतर बघू’ असं म्हणू नये ते यासाठी.

जाहिरातींत ‘अँटी-घोस्टिंग’ हा शब्द रंगीत दिव्यांसह झळकतो आणि हजारोंची किंमत लागते. त्यामागे पुष्कळदा असतो तो रुपयाच्या आसपास मिळणारा हा डायोड. त्याचा मूळ शोधही असाच दुर्लक्षित राहिला. १८७४मध्ये लाइपझिगच्या शाळेत शिकवणाऱ्या फर्डिनांड ब्राउनला दिसलं, की गॅलिनासारख्या खनिजातून वीज एका दिशेने सहज जाते, उलट दिशेने अडखळते. पाव शतक त्याचा कुणाला उपयोग सुचला नाही. ब्राउनला १९०९मध्ये मार्कोनीबरोबर नोबेल मिळालं, तेही बिनतारी संदेशवहनासाठी! दरम्यान जगदीशचंद्र बोसांनी गॅलिनाचा लहरशोधक बनवून १९०४मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळवलं होतं. मार्कोनी श्रेष्ठ की बोस, या आपल्या आवडत्या भांडणात हा खडा कायम मागे राहतो.

तर, जोडणी. डायोडवरची काळी पट्टी म्हणजे कॅथोड. प्रवाह पट्टीकडे जातो. पट्टीची बाजू ओळीकडे, दुसरी कळेकडे ठेवा. पाय काचेला चिकटून वाकवू नका, काच तडकते. पट्टीकडचे लांब पाय एकमेकांना जोडत गेलात की ओळीची तार आपोआप तयार होते. स्तंभांना मात्र प्लास्टिकचं आवरण असलेलीच तार घ्या, कारण ती ओळींना ओलांडून जाते. ओळ पूर्ण झाली की मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून एकेक तपासा: सुलट लावल्यावर ०.६च्या आसपास आकडा दिसायला हवा, उलट लावल्यावर काही नाही.

आणि साठच्या साठ डायोड उलटे लागले असतील, तर सोल्डरिंग आयर्न तापवू नका. फर्मवेअरमध्ये डायोडची दिशा ‘कॉल-टू-रो’ऐवजी ‘रो-टू-कॉल’ करा. कीबोर्ड बिनतक्रार चालेल.