डोंगर चढणं मोठं, राखणं त्याहून मोठं

परवा एका गावच्या ग्रामसभेत सातारच्या प्रियंका मोहिते यांचा विषय निघाला. २०१३ साली एव्हरेस्ट, मग ल्होत्से, मकालू, २०२१ साली अन्नपूर्णा आणि मे २०२२ मध्ये कांचनगंगा. आठ हजार मीटरवरची पाच शिखरं चढणारी पहिली भारतीय महिला आपल्या जिल्ह्याची! टाळ्या झाल्या. मागं बसलेले एक आबा म्हणाले, "पोरीनं नाव काढलं. पण आपल्या डोंगराचं काय?"

समोरचा डोंगर वणव्यानं काळा पडला होता.

जपानच्या जुंको ताबेई १९७५ साली एव्हरेस्ट चढल्या. तिथं पोचणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या स्त्री. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. गिर्यारोहक डोंगरावर कचरा टाकून येतात, हे त्यांना खुपलं. साठीच्या सुमारास त्यांनी विद्यापीठात जाऊन या कचऱ्याचा अभ्यास केला आणि साफसफाईसाठी पुन्हा डोंगर चढल्या. २०१६ साली त्या वारल्या. ज्या डोंगरानं नाव दिलं, त्याची त्यांनी परतफेड केली.

आपल्याला तर डोंगर पाणी देतो. सीतामाईच्या डोंगरातून बाणगंगा फलटणकडं येते, माणगंगा माणकडं जाते. म्हणून पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडं करायचं असतं. पण जाळलं की गवत जोमानं येतं, या समजुतीनं काडी लावली जाते. पहिल्या पावसात हिरवं दिसतं खरं, पण रोपं जळालेली असतात आणि उघडी माती वाहून समतल चर बुजतात. मग विहिरीला पाणी कुठून येणार? चर खणायला लागलेला पैसा आणि घाम, दोन्ही मातीत जातात.

शेतकरी बंधूंनो, यंदा एवढं करा. उन्हाळ्याआधी वनरक्षकाच्या सल्ल्यानं जाळरेषा काढा. माथ्यावर चराईबंदी पाळा, गवत कापून आणा. पावसाळ्याआधी चरांतला गाळ काढा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ग्रामसभेत तसा ठराव घ्यावा आणि तो पाळलाही जावा.

कांचनगंगा सगळ्यांना चढता येणार नाही. पण हातातली काडी विझवणं कुणालाही जमेल.