रमचा वास, बर्लीची चव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चेन्नईच्या ओएमआर रस्त्यावर, पेरुंगुडीच्या आयटी पार्कांमध्ये मराठी बोलणे सहज कानावर पडते. परदेशातल्या कामावरून परतताना कुणीतरी पाइपच्या तंबाखूचा डबा घेऊन येतो. डब्यावर जहाजाचे किंवा पिंपाचे चित्र, आत रमचा वास लावलेला बर्ली तंबाखू. डबा हातोहात फिरतो, जो तो हुंगतो आणि मत देऊन मोकळा होतो. या मतांत पारख थोडी आणि ऐकीव गोष्टी फार असतात. रमचा वास, पानाची स्वतःची चव आणि शरीराला होणारा अपाय या तीन बाबी वेगवेगळ्या आहेत. त्या वेगवेगळ्या तपासल्या तरच परीक्षणाला अर्थ आहे. एकीवरून दुसरीचा निकाल लावला की फसगत ठरलेली.

गैरसमज 1 : बर्ली म्हणजे आपल्या बिडीच्या तंबाखूचाच भाऊबंद.

वस्तुस्थिती : तंबाखू म्हटले की आपल्याला निपाणी आठवते. बिडीचे पान उन्हात वाळवतात आणि चुरा करून वापरतात. बर्लीची वाट निराळी आहे. 1864 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात केंटकीहून आणलेल्या बियाण्यातून फिकट, पिवळसर हिरवी रोपे उगवली. हरितद्रव्य कमी असलेल्या त्या रोपांपासून आजचा पांढरा बर्ली आला. त्याचे अख्खे झाड देठासकट कापतात आणि हवेशीर छपरीत सावलीत टांगून ठेवतात. आठवडेच्या आठवडे पान सावकाश सुकते. तेवढ्या काळात पानातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर वापरून संपवतात. व्हर्जिनिया तंबाखू मात्र भट्टीच्या गरम हवेत आठवडाभरात सुकवतात, त्यामुळे त्याच्यात साखर भरपूर शिल्लक राहते.

चवीचा सगळा फरक इथून सुरू होतो. व्हर्जिनिया गोडसर, गवताच्या वासाचा. बर्ली कोरडा, खमंग, सुक्या मेव्याची आणि कोकोची आठवण देणारा, शेवटी किंचित कडवट. भारतात बर्ली पिकतो तो मुख्यतः आंध्र प्रदेशात, गोदावरीच्या डोंगरपट्ट्यातही. 1947 साली राजमहेंद्रीला स्थापन झालेल्या केंद्रीय तंबाखू संशोधन संस्थेने त्याच्या वाणांवर काम केले आहे.

गैरसमज 2 : तंबाखूत रम असते, म्हणून डोके गरगरते.

वस्तुस्थिती : अल्कोहोल 78 अंश सेल्सियसला उकळते. तंबाखूवर फवारलेल्या रमच्या अर्कातले बहुतेक अल्कोहोल कारखान्यातच उडून जाते. उरलेसुरले पाइप पेटवताच जाते. त्याने नशा चढणे शक्य नाही.

गरगरते ते निकोटिनमुळे. बर्लीत निकोटिन चांगलेच असते, आणि नवख्या माणसाने उपाशीपोटी, घाईघाईने झुरके घेतले की मळमळ, घाम, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसतात. ही निकोटिनच्या विषबाधेची सुरुवात आहे. “रम जास्त झाली वाटते,” असे म्हणून ती हसण्यावारी नेऊ नये. पाइप तिथेच खाली ठेवावा.

गैरसमज 3 : पान रमच्या पिंपात मुरवलेले असते.

वस्तुस्थिती : खलाशी तंबाखूची पाने रम शिंपडून, पिळून, दोरीने करकचून बांधून ठेवत, अशी कथा या धंद्यात पूर्वीपासून सांगतात. पिंपांची चित्रे डब्यांवर आली ती याच कथेच्या जोरावर. आजचे काम कारखान्यात, दोन टप्प्यांत होते.

पहिला टप्पा केसिंगचा. पान कापण्याआधी त्याला साखर, काकवीसारखा पाक, ज्येष्ठमध, कोको यांचे पाणी पाजतात आणि मग पान गरम हवेत भाजतात. स्वतःची साखर नसलेले सच्छिद्र बर्लीचे पान, शिळी भाकरी आमटी पिते तसे, हा पाक पिऊन घेते. म्हणून वास लावायच्या तंबाखूंत बर्लीला एवढी मागणी. भाजताना पाकातली साखर आणि पानातले नायट्रोजनयुक्त घटक यांची प्रक्रिया होऊन तपकिरी, खमंग चव तयार होते.

दुसरा टप्पा टॉपिंगचा. पान कापून वाळवल्यावर शेवटी वरून वासाचा हात देतात. रम बहुधा इथे येते. ती खरी रम असेल, नाहीतर रमसारखा वास देणारी एस्टर नावाची रसायने असतील. डब्यावर ‘रम’ लिहिले आहे एवढ्यावरून दोन्हींपैकी काय वापरले ते ठरत नाही.

खरी रम बहुतेक वेळा उसाच्या मळीपासून होते. साखर कारखान्याच्या आसपास वाढलेल्या माणसाला तो आंबूस-गोड वास ओळखीचा असतो. चांगल्या टॉपिंगमध्ये गोडीच्या मागे ही मळीची खोली जाणवते. नुसता एस्टर असला तर वास पिकल्या केळ्या-अननसाच्या बाजूला झुकतो आणि लवकर विरतो.

रम आणि बर्ली यांचे जमते त्यामागे आणखी एक रासायनिक नाते आहे. बीटा-डॅमॅसेनोन नावाचे सुवासिक द्रव्य 1970 साली बल्गेरियाच्या गुलाबाच्या तेलात ओळखले गेले. तेच पुढे बर्लीत सापडले आणि रममध्येही. उकडलेले सफरचंद, मनुका, मध यांच्या जवळ जाणारा हा वास. जमलेल्या मिश्रणात रम वरून चिकटवल्यासारखी वाटत नाही, त्याला हे सामायिक द्रव्य हातभार लावत असावे.

गैरसमज 4 : डब्याचा वास तोच धुराचा स्वाद.

वस्तुस्थिती : परीक्षणातली सर्वांत मोठी चूक हीच. रमच्या वासाचे एस्टर फार हलके असतात. एथिल ॲसिटेट 77 अंशांना उकळते, एथिल ब्युटिरेट सुमारे 121 अंशांना. पाइपमधला निखारा याच्या कितीतरी पट तापतो. निखारा पानापर्यंत पोचण्याआधीच त्याच्या उष्णतेने ही द्रव्ये वाफ होऊन पुढे निघून जातात. म्हणून पहिल्या एक-तृतीयांश भागात रम ठळक लागते, मधल्या भागात ती मागे सरते आणि शेवटी बहुतेक बर्लीच उरतो.

जाणकार म्हणूनच पाइपचे तीन भाग धरून तीन वेगळ्या नोंदी करतात. पहिल्या भागात टॉपिंग तपासायचे : गोडी खरी की औषधासारखी? मधल्या भागात केसिंग आणि पान एकमेकांत मिसळले आहेत का ते पाहायचे : कोको, भाजलेले शेंगदाणे, टोस्टचा खरपूसपणा. तिसऱ्या भागात लपायला जागा नसते. पान हलक्या प्रतीचे असेल तर इथे नुसती राख आणि कडवटपणा लागतो. पान चांगले असेल तर कडवटपणालाही कोऱ्या कॉफीसारखी धार असते. रमच्या नावावर विकल्या जाणाऱ्या तंबाखूची खरी परीक्षा रम संपल्यावर होते.

भांडे कोणते, यानेही निकाल बदलतो. ब्रायर लाकडाचा पाइप आधीच्या तंबाखूचा वास धरून ठेवतो. व्हॅनिलाचा तंबाखू ओढलेल्या पाइपात रम तपासली तर दोहोंची खिचडी होते. मक्याच्या कणसाचा पाइप स्वस्त आणि स्वादाला तटस्थ असतो. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात 1869 पासून त्याचा कारखाना आहे. परीक्षणासाठी असा एक पाइप वेगळा राखून ठेवणे हा जुना, सरळ उपाय.

गैरसमज 5 : जितका ओलसर, तितका ताजा.

वस्तुस्थिती : वास लावलेला तंबाखू कारखान्यातून ओलाच निघतो. तो वाळू नये म्हणून त्यात प्रॉपिलीन ग्लायकोल किंवा ग्लिसरीन घालतात. ही द्रव्ये हवेतला ओलावा धरून ठेवतात. पेरुंगुडीसारख्या ठिकाणी हा मुद्दा निर्णायक ठरतो. एका अंगाला पळ्ळिक्करणैची पाणथळ, पूर्वेला थोड्या अंतरावर बंगालचा उपसागर. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात तर कपाटातले कपडेही दमट लागतात. या हवेत उघडा राहिलेला तंबाखू सुकण्याऐवजी आणखी ओला होतो. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशीही धरू शकतो.

ओलावा तपासायची रीत साधी आहे. पांढऱ्या कागदावर चिमूटभर तंबाखू पसरावा. मग तीच चिमूट अंगठा आणि तर्जनीत दाबून सोडावी. गोळा तसाच राहिला तर तंबाखू ओला. हळूहळू उमलून मोकळा झाला तर बरोबर. करकरून तुटला तर जास्त वाळला. चेन्नईत पंख्याखाली ठेवून फारसा उपयोग होत नाही. एसीच्या खोलीतली हवा कोरडी असते, तिथे कागदावर पसरून ठेवला तर काम होते. मात्र ग्लायकोल जास्त घातलेला तंबाखू कितीही वेळ ठेवला तरी हाताला चिकट लागतो. परीक्षणात हा दोष म्हणून नोंदवायचा. उरलेला तंबाखू घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावा आणि पांढरी तंतुमय वाढ किंवा कुबट वास आला तर सरळ टाकून द्यावा.

गैरसमज 6 : जीभ चुरचुरली, म्हणजे तंबाखू कडक.

वस्तुस्थिती : कडकपणा निकोटिनचा आणि तो डोक्याला, पोटाला कळतो. जीभ चुरचुरण्याची कारणे वेगळी. ओल्या तंबाखूची गरम वाफ जिभेला पोळते. शिवाय बर्लीच्या धुरात अमोनियासारखे घटक जास्त असल्याने तो क्षारीय असतो आणि तोंडाच्या आतल्या त्वचेला झोंबतो. घाईने ओढले की दोन्ही वाढतात. परीक्षणाच्या नोंदीत ‘कडक’ आणि ‘झोंबणारा’ हे दोन शेरे वेगळे लिहायला हवेत. एकात दुसरा मिसळला की वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

गैरसमज 7 : शेजारच्याला वास आवडला, म्हणजे त्याला त्रास नाही.

वस्तुस्थिती : खोलीत पसरणारा वास हा परीक्षणातला एक रकाना आहे, आणि रमच्या मिश्रणांना त्यात गुण चांगले मिळतात. पण सुगंधी धूरही धूरच. त्यातला कार्बन मोनॉक्साइड आणि सूक्ष्म कण शेजारच्याच्या फुप्फुसात तसेच जातात. घरातल्या मुलांच्या अंगावर हा वास चढू देऊ नये.

गैरसमज 8 : पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून धोका नाही.

वस्तुस्थिती : या विषयावर लिहिणाऱ्याने इथे गुळमुळीत बोलू नये. पाइप ओढल्याने तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. धूर तोंडातच ठेवला तरी निकोटिन रक्तात जाते. बर्लीचा क्षारीय धूर इथे उलट घातक ठरतो, कारण क्षारीय स्थितीतले निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून सहज शोषले जाते. छातीत धूर न घेताही सवय लागते ती यामुळे.

बर्लीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. या पानात नायट्रेट भरपूर असते, आणि हवेवर सुकताना त्यातून तंबाखूतच सापडणारी नायट्रोसामाइन्स तयार होतात. त्यातली एनएनएन आणि एनएनके ही दोन जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातली आहेत. ‘नैसर्गिकरीत्या सुकवलेले पान’ हे डब्यावरचे वाक्य यातले काहीही कमी करत नाही. रमचा वासही करत नाही. तो फक्त घशाला मिळणारी सूचना मऊ करतो.

पेरुंगुडीपासून जवळच अड्यारला 1954 साली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी उभी केलेली कर्करोग संस्था आहे. डॉ. व्ही. शांता यांनी तिथे आयुष्य वेचले. तंबाखूची किंमत किती मोजावी लागते हे या शहराला त्या संस्थेमुळे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

गैरसमज 9 : कायदा सिगारेटला, पाइपला नाही.

वस्तुस्थिती : 2003 च्या तंबाखूविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पाइप तंबाखूचे नाव स्पष्ट आहे. सार्वजनिक ठिकाणी ओढण्यावर 2 ऑक्टोबर 2008 पासून कडक नियम आहेत, आणि त्यात कार्यालयेही येतात. अठरा वर्षांखालच्या कुणालाही विकता येत नाही. वेष्टनावर 85 टक्के जागेत इशारा छापणे 1 एप्रिल 2016 पासून बंधनकारक आहे. परदेशातून आणलेल्या डब्यावर तो इशारा नसला तरी आतल्या मालात फरक पडत नाही.

तेव्हा कुणी रमच्या बर्लीचा डबा पुढे केला आणि मत विचारले तर तीन ओळींत उत्तर द्यावे. पहिली ओळ टॉपिंगची : रम खरी वाटते का, किती वेळ टिकते. दुसरी पानाची : शेवटच्या भागात काय उरते, ओलावा कसा आहे, झोंबतो का. तिसरी अपायाची, आणि ती प्रत्येक डब्याला तीच राहील. पहिल्या दोन ओळींत पैकीच्या पैकी गुण मिळवणारा तंबाखूही तिसऱ्या ओळीत नापासच होतो. जो ओढत नाही त्याने चवीच्या कुतूहलापायी सुरुवात करू नये. जो ओढतो आणि सोडू पाहतो त्याच्यासाठी 1800-11-2356 हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतक्रमांक निःशुल्क आहे.