आडनावांच्या गावांतून सायकलवर

अश्दोद, लोद, दिमोना किंवा बीरशेबा येथे आमच्या समाजबांधवांच्या कोणत्याही इमारतीत शिरावे आणि खालच्या टपालपेट्यांवरील नावे वाचीत जावे, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्याचा नकाशाच समोर उलगडतो. पेणकर, आवासकर, किहीमकर, नवगावकर, चेऊलकर, अष्टमकर! शंभराहून अधिक गावांची नावे बेने इस्रायलांनी आपल्याबरोबर या देशात आणली. आमचे स्वतःचे आडनाव नागावकर. परंतु आमच्या नातवाच्या शाळेत हजेरी घेताना शिक्षिका त्यातील शेवटचा 'कर' गाळतात, आणि चिरंजीवही बिनतक्रार "हजर" म्हणतात. एके दिवशी त्याने विचारले, "सबा, नागाव म्हणजे काय? आणि सवताच्या माहेरचे चेऊल तिथून किती लांब?" आम्हांस उत्तर देता आले नाही. नागाव आम्ही लहानपणी एकदा, एस्. टी.च्या खिडकीतून, पाहिले होते.

मुलाच्या बार मिट्झवाला एक वर्षाचा अवकाश होता. हनुकाच्या सुटीला जोडून त्याला घेऊन मुंबईस जाण्याचे ठरले. मोटारीने अलिबाग गाठून संध्याकाळी परत यावे, असा नातेवाइकांचा सल्ला पडला. परंतु मोटारीतून गावे दिसत नाहीत, त्यांच्या पाट्या तेवढ्या दिसतात. आमचे पूर्वज या वाटांनी पायी व बैलगाडीने गेले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' हे नाव त्यांना पडले ते याच गावांतून. त्या चालीच्या जवळपास जाणारे वाहन एकच, ते म्हणजे सायकल. अडुसष्टाव्या वर्षी हा खटाटोप कशाला, असे घरातून विचारण्यात आले. आम्ही मौन पाळले आणि मुंबईत दोन सायकली भाड्याने घेतल्या.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास रो-रो जहाज जाते. २०२० च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या या जहाजात मोटारींप्रमाणे सायकलीही नेता येतात, आणि तासाभरात कोकणच्या भूमीवर चाके टेकतात. मांडवा ते अलिबाग हा हमरस्ता सुमारे वीस किलोमीटरचा. तो झिराडवरून चोंढीस येतो. झिराडची पाटी येताच आम्ही थांबलो. डॉक्टर जेरुशा झिराड यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली, ही गोष्ट आमच्या पिढीस मुखोद्गत. नातवास ती त्या पाटीखाली उभे राहून सांगितली.

मुलास देवनागरी येत नाही. म्हणून असे ठरविले की वाटेत प्रत्येक पाटीवरील एक अक्षर त्याने शिकावयाचे. चोंढीहून उजवीकडे वळले की दोनएक किलोमीटरवर किहीम. 'क' तेथे शिकून झाला. बेने इस्रायलांचा इतिहास १८९७ च्या सुमारास लिहून काढणारे हाईम सॅम्युएल किहीमकर यांचे आडनाव या गावाचे. तो ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला तो १९३७ साली, आणि तोही तेल अवीव येथे!

किहीमच्या दक्षिणेस नवगाव. परंपरा सांगते की आमच्या पूर्वजांचे जहाज या किनाऱ्याजवळ फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि बुडालेल्यांना नवगावच्या भूमीत मूठमाती मिळाली. तेथे आता स्मारकस्तंभ आहे. नवगावच्या अलीकडे नातवाच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा शिरला. सायकली हातांत धरून आम्ही चालत निघालो. रस्त्याकडेच्या दुकानदाराने ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधता शोधता विचारले, "कुठले तुम्ही?" "इस्रायलचे," आम्ही उत्तरलो. त्याने मान हलविली व पुन्हा विचारले, "ते झालं. पण मूळ गाव कुठलं?" असा प्रश्न आम्हांस कित्येक वर्षांत कोणी विचारला नव्हता.

अलिबागेत मुक्काम केला. इस्रायल आळीतील 'मागेन अबोथ' हे सिनेगॉग १८४८ चे. आजची वास्तू १९१० ची. आळीत आपली घरे मोजकीच उरली आहेत.

दुसऱ्या दिवसाची वाट अधिक रमणीय. अलिबाग ते रेवदंडा सुमारे सतरा किलोमीटर, जवळजवळ सपाट. बऱ्याच अंतरापर्यंत दोहों बाजूंस नारळी-पोफळीच्या वाड्या असल्यामुळे सकाळी ऊन अंगावर येत नाही. प्रथम आक्षी लागते. मराठीतील आद्य शिलालेखांत गणला जाणारा आक्षीचा शिलालेख येथलाच. त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा मानतात. आदल्या दिवशी सहा अक्षरे शिकलेला आमचा विद्यार्थी त्या शिळेकडे बराच वेळ पाहत राहिला व म्हणाला, "म्हणजे तेव्हाही कोणाला तरी ही शिकावी लागली असतील."

आक्षीनंतर नागाव. वाड्या, विहिरी, पलीकडे समुद्र. आमचे घर कोणते होते, हे सांगणारे कोणी उरलेले नाही, आणि आम्ही शोधलेही नाही. विहिरीवर पाणी प्यालो, हवा तपासली आणि निघालो. अर्ध्या तासात पुढची पाटी आली. नातवाने सायकल थांबविली, ओठ हलविले आणि स्वतःच वाचले, "चौ-ल." मग गोंधळून विचारले, "हेच का सवताचे चेऊल? मग असे का लिहिले आहे?" जुना उच्चार चेऊल, आताचा चौल, असे आम्ही सांगितले, परंतु आमचे मन दुसऱ्याच हिशेबात गुंतले होते. आमची पत्नी चेऊलकरांची. हा संबंध मुंबईत जुळला तेव्हा दोन्हीकडची वडील मंडळी "मुलगी शेजारचीच" असे का म्हणाली होती, ते आज सायकलच्या पायडलवर उमगले. नागाव ते चौल, अवघी अर्ध्या तासाची वाट!

रेवदंड्यास १८४२ चे 'बेथ एल' सिनेगॉग आहे, आणि पोर्तुगीजांचा तट. कुंडलिकेच्या मुखावरील पूल ओलांडून पाच-सहा किलोमीटर गेले की कोर्लई. चौल व कोर्लई ही ठाणी पोर्तुगीजांनी १७४० साली मराठ्यांच्या स्वाधीन केली. परंतु कोर्लई गावातील काही घरांत पोर्तुगीजमधून उपजलेली एक बोली आजही बोलली जाते. बोलणारे सुमारे हजारभर. पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ एवढ्याशा वस्तीने आपली वाणी चुलीपाशी सांभाळली. आपण या देशात येऊन किती वर्षे झाली, आणि आपल्या चुलीपाशी मराठीची काय अवस्था आहे, याचा हिशेब वाचकांनी स्वतःच मांडावा.

तिसरा दिवस शुक्रवार. सकाळी पेणच्या रस्त्याने खंडाळे, व तेथून आत सागावच्या बाजूस, एलियाहू हन्नाबीच्या टापांचे स्थान. खडकावरील खुणा रथाच्या व घोड्यांच्या, अशी आपल्या लोकांची श्रद्धा आहे. अलिबागेच्या एका भगिनीने पोहे, गूळ व ओल्या खोबऱ्याचा मलिदा डब्यात बांधून दिला होता. तो तेथे वाटून खाल्ला आणि दिवेलागणीच्या पुष्कळ आधी परतलो.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात खड्डे दिसत नाहीत. सकाळी उजाडताच निघावे. दुपारी समुद्रावरचा वारा वायव्येकडून उठतो व रेवदंड्याहून परतताना तो तोंडावर येतो. आम्ही उशीर केला आणि शेवटचे पाच किलोमीटर सायकल ढकलीत आलो. जादा ट्यूब व पंप जवळ असावा. वाळू व खाऱ्या हवेने चेन खराब होते, ती रोज पुसून तेल द्यावे. शनिवार-रविवारी मुंबईच्या मोटारींची रीघ असते. शनिवारी आपण सायकलवर बसणार नाहीच, रविवारही सोडावा.

या तीन दिवसांत सारे मिळून शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर झाले असेल. शतकानुशतके ज्यांत आपली लग्ने जुळली, सुतके पाळली गेली, तेल विकले गेले, त्या मुलुखाचा एवढा मोठा भाग एका म्हाताऱ्याच्या व एका मुलाच्या पायांत मावला. लग्नकार्यासाठी भारतात जाणाऱ्या कुटुंबांनी खरेदीतून दोन दिवस काढावेत, आणि आपले आडनाव ज्या गावाचे, तेथपर्यंत निदान शेवटचे चार किलोमीटर मुलांना सायकलवर न्यावे, एवढीच आमची विनंती.

परत आल्यावर शाळेतून निरोप आला की नागावकरांचा मुलगा हजेरीच्या वेळी उलट बोलतो. चौकशी करता कळले, की "माझे नाव पुरते घ्या, 'कर' म्हणजे 'तिथला'," एवढेच तो म्हणाला होता. आम्ही शिक्षिकाबाईंची रीतसर क्षमा मागितली. मुलास मात्र काही बोललो नाही.