नेटवर्कच्या पेटीची चावी कोणाकोणाकडे?

खामगावची चांदीची पेढी असो की चिखलीचे कापडाचे दुकान, पूर्वी उधारीची वही गल्ल्याखाली असे आणि गल्ल्यावर मालक. वही कोणी उघडली हे डोळ्यांसमोर असे. आता बिले, हिशेब, नक्षीचे फोटो, गिऱ्हाइकांची कागदपत्रे सारे संगणकात गेले. दोन-चार संगणक झाले की पुष्कळ व्यापारी बांधव राऊटरला जोडलेली डिस्कची एक पेटी घरी बसवून घेतात. बाजारात तिला ‘नास’ म्हणतात. दुकान, कारखाना आणि घर यांची सारी फाईल त्या एका पेटीत राहते.

पेटी बसवणारा माणूस जाताना एक नाव व एक पासवर्ड देऊन जातो. नाव बहुधा ‘अ‍ॅडमिन’. तोच पासवर्ड मुनीम, धाकटा भाऊ, डिझाइन काढणारा मुलगा आणि घरातील मुले असे सर्व वापरतात. म्हणजे तिजोरीच्या एका चावीच्या पाच नकला झाल्या. एखाद्या दिवशी मार्चचे फोल्डर गायब होते, कोणी पुसले ते कळत नाही आणि संशय मात्र सर्वांवर येतो. भागीदारीत एवढ्यावरून मने तुटतात. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळणे व्यापाऱ्यावर बंधनकारक आहे. ‘नोकराने पुसले’ हे उत्तर तिथे चालत नाही.

यावर उपाय एकच, प्रत्येक माणसाला वेगळे लॉगिन. मालकाने स्वतःसाठीसुद्धा दोन ठेवावीत. एक फक्त पेटीची व्यवस्था बदलण्यासाठी, दुसरे रोजच्या कामाचे, साधे. रोजच्या संगणकात व्हायरस शिरला तर तो त्या लॉगिनला जेवढे दिसते तेवढेच बिघडवू शकतो, हा यातला फायदा आहे. व्यवस्थेच्या खात्याचे नाव ‘अ‍ॅडमिन’ ठेवू नये. नवे खाते काढून त्याला व्यवस्थेचे अधिकार द्यावेत आणि जुने ‘अ‍ॅडमिन’ बंद करावे.

पुढचे काम गटांचे. माणसागणिक परवानग्या देत बसलात तर वर्षभरात कोणाला काय दिले ते तुम्हालाच आठवणार नाही. ‘हिशेब’, ‘कारागीर’ आणि ‘घर’ असे तीन गट करा आणि फोल्डरची परवानगी गटाला द्या. परवानगी तीन प्रकारची असते: वाचणे व लिहिणे, फक्त वाचणे, आणि मनाई. कारागिराला नक्षी पाहायची आहे, पुसायची नाही, म्हणून ‘फक्त वाचणे’ पुरे. एक माणूस दोन गटांत असेल आणि एका गटाला मनाई असेल, तर सर्वसाधारणपणे मनाईच वरचढ ठरते. भाऊ ‘हिशेब’मध्ये असूनही त्याला फोल्डर उघडत नाही, ही तक्रार बहुतेक इथूनच येते. टॅलीचा डेटा पेटीवर असेल तर बिले टाकणाऱ्याला त्या फोल्डरात लिहिण्याची मुभा द्यावीच लागते. कोणी कोणती नोंद पाहावी हे टॅलीच्या आतल्या वेगळ्या लॉगिनने ठरते. दोन्ही कुलुपे लावावीत.

विंडोजची एक खोड लक्षात ठेवा. एका संगणकावरून एकाच वेळी त्याच पेटीत दोन नावांनी शिरता येत नाही. विंडोज जुना पासवर्डही साठवून ठेवते. मुनिमाच्या संगणकावर मालकाने एकदा आपला पासवर्ड टाकून ‘लक्षात ठेव’वर खूण केली की मुनीम कायम मालकाच्या नावाने आत. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन ते नाव पुसावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा.

नोकर काम सोडून गेला तर त्याचे खाते लगेच पुसू नका, बंद करा. त्याच्या खासगी फोल्डरात दुकानाच्या फाइली राहिलेल्या असतात. त्या काढून घेतल्यावर मग पुसा.

आता बाहेरच्या चोराविषयी. जुलै २०१९ मध्ये सिनॉलॉजी कंपनीने ग्राहकांना इशारा दिला होता. चोर इंटरनेटवरून ‘अ‍ॅडमिन’ या नावाने एकामागून एक पासवर्ड लावून पाहत होते आणि आत शिरल्यावर फाइलींना कुलूप घालून खंडणी मागत होते. म्हणून काही चुकीच्या प्रयत्नांनंतर दार बंद करणारी सोय आणि मोबाईलवरच्या आकड्याची दुसरी तपासणी चालू ठेवावी. पण पासवर्ड म्हणजे सर्व काही नव्हे. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या पेट्या दूरवरूनच कोऱ्या केल्या गेल्या. डिस्क पुसण्याच्या हुकमापूर्वी पासवर्ड विचारणारा भागच तिच्या प्रोग्रॅममध्ये निकामी होता. राऊटरमधून पेटीचे दार थेट इंटरनेटला उघडू नये. आणि वेगळ्या डिस्कवर आठवड्याची एक नक्कल काढून ती पेटीपासून दूर ठेवावी.

पासवर्ड विसरलात तर घाबरू नका. बहुतेक पेट्यांच्या मागे बारीक छिद्रात बटण असते. ते काही सेकंद दाबले की व्यवस्थेचा पासवर्ड मूळ स्थितीत येतो, फाइली राहतात. मात्र किती वेळ दाबायचे हे आधी कंपनीच्या पुस्तिकेत पाहावे, कारण काही पेट्यांत जास्त दाबल्यास इतर व्यवस्थाही पुसली जाते. हेच बटण दुकानात येणाऱ्या कोणालाही दाबता येते, तेव्हा पेटी कुलुपाच्या कपाटात, पण हवा खेळेल अशी ठेवा.

व्यवस्थेचे नाव व पासवर्ड कागदावर लिहून बंद लिफाफ्यात तिजोरीत ठेवावा आणि घरातील एका विश्वासू माणसाला तो कुठे आहे ते सांगावे. मालक हजला महिना-सव्वा महिना जातो, कधी अचानक दवाखान्यात भरती होतो. कोणाचे किती देणे आणि कोणाकडून किती येणे, हे त्याच पेटीत असते.