ई-मेल आउटबॉक्समध्येच अडकतो तेव्हा...

हिवाळा सुरू झाला, की उजनी जलाशयाच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि पुणे-सोलापूर मार्गावरील भिगवणमध्ये पक्षिनिरीक्षकांची वर्दळ वाढते. कॅमेऱ्याबरोबर अनेकांच्या पाठीवर लॅपटॉपही असतो. दिवसभर टिपलेली छायाचित्रे किंवा कार्यालयाचे तातडीचे पत्र रात्री पाठवायला घ्यावे, तर ते आउटबॉक्समध्येच पडून राहते. नवल असे, की त्याच वेळी येणारे ई-मेल मात्र विनासायास उतरत असतात. पत्र गेले अशा समजुतीत आपण लॅपटॉप मिटतो आणि तिकडे अर्जाची किंवा निविदेची मुदत उलटून जाते.

जाण्याची वाट वेगळी

याचे कारण असे, की पत्रे आणणारी आणि नेणारी यंत्रणा एक नसते. येणारे ई-मेल 'पॉप' किंवा 'आयमॅप' पद्धतीने उतरतात, तर जाणारे 'एसएमटीपी' पद्धतीने रवाना होतात. ही पद्धत १९८२ साली ठरली, तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख विचारण्याची सोय तीत नव्हती. पुढे नको असलेल्या जाहिरातींचा, म्हणजे 'स्पॅम'चा, सुळसुळाट झाला आणि जाणाऱ्या पत्रांवर पहारा बसला.

घरी बिनबोभाट चालणारा ई-मेल प्रवासात अडतो, तो बहुधा या पहाऱ्यामुळे. इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर अनेकदा स्वतःच्या जाळ्यातून आलेलीच पत्रे स्वीकारतो. शिवाय जुन्या सेटिंगमधील २५ क्रमांकाचे पोर्ट अनेक कंपन्यांनी ग्राहकांसाठी बंद केले आहे. अशा वेळी प्रोग्रॅममधील 'आउटगोइंग सर्व्हर'च्या सेटिंगमध्ये पोर्ट ५८७ व 'स्टार्टटीएलएस', किंवा पोर्ट ४६५ व 'एसएसएल' अशी जोडी निवडावी. सर्व्हरला पासवर्ड लागतो, या पर्यायावर खूण असल्याचीही खात्री करावी.

दोष कोठे आहे?

सेटिंग बदलण्यापूर्वी दोन चाचण्या कराव्यात. पहिली, ब्राउझरमधून त्याच खात्यात जाऊन पत्र पाठवून पाहावे. ते गेले, तर खाते ठीक असून दोष लॅपटॉपवरील प्रोग्रॅममध्ये किंवा त्याच्या वाटेत आहे. दुसरी, हॉटेलचे वाय-फाय सोडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पाठवावे. तेथून पत्र गेले, तर अडथळा वाय-फायचा. काही ठिकाणी ब्राउझरमध्ये लॉग-इनचे पान भरल्याखेरीज नेट खुले होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

त्यानंतर त्रुटीचा संदेश नीट वाचावा. त्यातील तीन आकडी क्रमांक चारने सुरू होत असेल, तर अडचण तात्पुरती असते. थोड्या वेळाने पुन्हा पाठवावे. पाचने सुरू होत असेल, तर काही तरी दुरुस्त केल्याशिवाय पत्र जाणार नाही. ५३५ म्हणजे नाव किंवा पासवर्ड नाकारला गेला. ५५० बहुधा चुकीचा पत्ता किंवा नाकारलेली परवानगी दर्शवतो, तर ५५२ हा पत्राच्या आकाराशी किंवा भरलेल्या पेटीशी निगडित असतो.

पासवर्ड अचूक असूनही ५३५ येत असेल, तर प्रोग्रॅम जुना असण्याची शक्यता आहे. गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी केवळ पासवर्डवर चालणारी जुनी पद्धत ३० मे २०२२पासून बंद केली. अशा प्रोग्रॅमसाठी दुहेरी पडताळणी सुरू करून वेगळा 'अॅप पासवर्ड' घ्यावा लागतो. विंडोजमधील जुन्या 'मेल' प्रोग्रॅमचा आधार तर मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ रोजी काढून घेतला. तेथे सेटिंगशी झुंजण्यात अर्थ नाही.

छायाचित्रांचे ओझे

जीमेलवर जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी आहे. पाठवताना फाइलचे अक्षरांत रूपांतर होते आणि तिचा आकार सुमारे एकतृतीयांशाने वाढतो. त्यामुळे मर्यादेच्या जरा आत असलेली फाइलही पलीकडचा सर्व्हर नाकारू शकतो. छायाचित्रे लहान करावीत किंवा ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवावा. आधीचे जड पत्र आउटबॉक्समध्ये अडकले असेल, तर प्रोग्रॅम 'ऑफलाइन' करून ते काढून टाकावे. काही वेळा मागची पत्रे त्याच्यामुळेच खोळंबतात. लॅपटॉपवरील तारीख चुकली असली, तरी सुरक्षित जोडणी नाकारली जाते, म्हणून घड्याळावरही नजर टाकावी.

एवढे जपाच

'सेंड'चे बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. वाट मोकळी होताच एकाच पत्राच्या अनेक प्रती जातात. अँटिव्हायरस कायमचा बंद करू नये. 'तुमचा ई-मेल अडकला आहे, येथे पासवर्ड द्या' असा संदेश आल्यास तो फसवणुकीचा समजावा. पत्र 'सेंट'मध्ये दिसले, म्हणजे ते आपल्याकडून निघाले एवढेच. परत आलेली सूचना इनबॉक्समध्ये पाहावी आणि मुदतीचे काम असेल, तर फोन करून पोच घ्यावी. प्रवासाला निघण्यापूर्वी घरीच मोबाइल हॉटस्पॉटवरून स्वतःला एक ई-मेल पाठवून पाहिला, तर भिगवणची संध्याकाळ सेटिंग शोधण्यात नव्हे, पक्षी पाहण्यात जाईल.