लस नको म्हणणाऱ्या घरात काय बोलायचे? आशा सेविकांना काय शिकवतात?

२०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवरची साथ पसरली. काही मुले दगावली. लस न घेतलेली मुले बाधितांमध्ये मोठ्या संख्येने होती. लस तर मोफत मिळते. मग अडते कुठे?

अनेकदा तापात. दीड महिन्याच्या बाळाला पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस दिला जातो. त्या रात्री अंग तापते, मांडी सुजते, बाळ रडत राहते. असे होऊ शकते हे आधी कुणी सांगितले नसेल, तर घरच्यांच्या लेखी लशीनेच बाळ आजारी पडले. मग ते नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीला फिरकतच नाहीत.

म्हणून परिचारिका आणि आशांना प्रत्येक पालकाला चार गोष्टी सांगायला शिकवतात: कोणती लस दिली व ती कशापासून वाचवते, काय त्रास होऊ शकतो व तेव्हा काय करायचे, पुढची तारीख कोणती आणि कार्ड जपून ठेवा. काम मिनिटभराचे, पण रांग मोठी असली की हाच मिनिट वाचवला जातो.

त्याहून अवघड आहे ते ऐकणे. 'नको' म्हटल्यावर आजाराची भीती घालायची नाही. 'ताई, कशाची काळजी वाटते?' असे विचारून थांबायचे. कधी आई तयार असते, नकार सासूचा किंवा नवऱ्याचा असतो. मग ते घरी असतील तेव्हा पुन्हा जायचे. ही जादा फेरी मानधनावर काम करणाऱ्या आशांच्याच वाट्याला येते.