आखाडा कुणाचा भारी?
गावच्या आखाड्यातला अजिंक्य मल्ल जिल्ह्यात किती टिकेल? ‘लीग ऑफ लेजंड्स’ या संगणकी खेळात हाच पेच आहे. कोरिया, चीन, युरोपातले संघ बहुतेक वर्षभर आपापल्या लीगमध्येच झुंजतात. ताकद मोजायच्या बुद्धिबळातल्या इलो पद्धतीत जिंकणारा हरणाऱ्याचे गुण खेचतो. पण इथे ते गुण त्याच आखाड्याच्या मातीत फिरत राहतात. दोन आखाड्यांची तुलना होते ती मोजक्या आंतरराष्ट्रीय सामन्यांवरून, आणि त्यावर बेतलेले अंदाज कसे तोंडघशी पाडतात! २०१३ ते २०१७ सलग पाच जगज्जेतेपदे कोरियाची. २०१८ची स्पर्धा तर कोरियातच भरली, आणि यजमानांचा एकही संघ उपांत्य फेरीत नाही. इंचॉनला अंतिम सामन्यात चीनच्या इन्व्हिक्टस गेमिंगने युरोपच्या फ्नॅटिकला ३-० लोळवले.